दातांवरील कानस

शहरांतील दंतवैद्यांच्या दवाखान्यांवर अलीकडे ‘स्माईल डिझाईन’ ही अक्षरे हटकून दिसतात. पूर्वी दाढ ठणकू लागली, गाल सुजला आणि लवंगेच्या तेलाने भागेनासे झाले, म्हणजे मनुष्य नाइलाजाने ही पायरी चढे. आता कसलेही दुखणे नसलेली तरुण मुले-मुली तेथे जातात आणि दातांची टोके सारखी करून, सुळ्यांचा अणकुचीदारपणा घालवून परततात. निमित्त कधी लग्नाचे, कधी नोकरीच्या मुलाखतीचे असते.

याला नटवेपणा म्हणून नाके मुरडण्याचे कारण नाही. आपल्याच आज्या-पणज्या दातवणाने दात काळे करीत आणि त्यात शोभा मानीत. बाली बेटावरील हिंदू समाजात वयात आलेल्या मुलामुलींचे वरचे सहा दात, म्हणजे चार पटाशीचे आणि दोन सुळे, विधिपूर्वक कानशीने घासतात. हे सहा दात कामक्रोधादी षड्रिपूंची प्रतीके होत, अशी तेथील श्रद्धा. षड्रिपू इतक्या सहज झिजत असते तर आपल्या कीर्तनकारांचे काम बरेच हलके झाले असते! सांगायचे एवढेच की, दाताला हवा तो आकार देण्याची हौस आजची नाही. आज बदलले आहे ते हत्यार. हाताच्या कानशीची जागा अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्राने घेतली आहे, आणि क्षणभरात किती गेले हे खुर्चीत पडलेल्या माणसाला कळत नाही.

जे जाते त्याचे मोल मात्र त्याला ठाऊक असायला हवे. दाताचे बाह्य आवरण म्हणजे दंतवल्क, ज्याला आपण सर्रास एनॅमल म्हणतो, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. मोडलेले हाड सांधते, जखम भरून येते, नख वाढते. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा होतात. लाळेतील खनिजांमुळे पृष्ठभागावरील सूक्ष्म झीज काहीशी भरते, पण एकदा तासलेली जाडी जन्मात परत मिळत नाही. त्याखालचे दंतिन पिवळसर आणि हळवे. थंड पाण्याने उठणारी कळ तेथलीच.

केवळ टोके सारखी करायची तर मिलिमीटरचा काही अंश घासावा लागतो आणि जाणत्या हाती ते निर्धोक असते. घोटाळा होतो तो पुढे. एका दाताचा कोपरा नीट करायला गेलेल्या माणसाला सहा-आठ दातांवर व्हिनिअर किंवा कॅप बसविण्याचा सल्ला मिळतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, व्हिनिअरसाठी दाताच्या दृश्य भागापैकी ३ ते ३० टक्के, तर पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के भाग काढावा लागतो. शिवाय ही कवचे आयुष्यभर टिकत नाहीत. बाविसाव्या वर्षी ती बसविणाऱ्याला साठीपर्यंत ती कितीदा बदलावी लागतील, याचा हिशेब जाहिरातीत नसतो. आमच्या परिचयातील एका शिक्षकाच्या मुलीला पुढच्या दाताचा टवका उडाल्यावर सहा कॅप सांगण्यात आल्या होत्या. दुसऱ्या दंतवैद्याने दाताच्याच रंगाचे कॉम्पोझिट भरून एका बैठकीत काम संपविले.

सौंदर्यासाठी केलेला प्रत्येक उपचार चैनीचाच असतो, असे मात्र नव्हे. चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइड अधिक आहे. बालपणी, दात घडत असतानाच ते पाणी पोटात गेल्याने तेथील मुलांच्या दातांवर तपकिरी डाग उमटतात. ज्या मुलीला हसताना तोंडावर हात धरावा लागतो, तिच्या दातांवरील व्हिनिअरला चोचले म्हणणे निष्ठुरपणाचे होईल. तिला हा उपचार परवडत नाही आणि ज्याला गरज नाही त्याला तो हप्त्यांवर देऊ केला जातो, ही विसंगती दंतवैद्यकाने स्वतःशी विचारात घेण्यासारखी आहे.

तूर्त मागणी साधी आहे. यंत्र हाती घेण्यापूर्वी कोणत्या दाताचे किती आवरण जाणार, ते परत येणार नाही, आणि तारा लावून किंवा कॉम्पोझिट भरून तेच साधेल की नाही, हे दंतवैद्याने मराठीत लिहून द्यावे. मेणाचा नमुना करून, दाताला धक्का न लावता त्यावर तात्पुरता साचा बसवून नवे हास्य आरशात दाखविता येते, तेही दाखवावे. मग निदान आठवडाभराचा अवधी द्यावा. आज संमतिपत्र बहुधा इंग्रजीत असते, आणि त्यावर सही घेतली जाते ती रुग्ण खुर्चीत आडवा झाल्यावर, डोळ्यांवर दिवा आल्यावर.