शिस्त आमच्याकडून हवी, मग सेकंद कोण देणार?

सिग्नल तोडणाऱ्या पोराचा व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागला की त्याच्याखाली ठरलेले वाक्य येते : ‘या लोकांना शिस्तच नाही.’ ‘या लोकांना’ म्हणजे कोणाला, हे बहुतेक वेळा वस्तीवरून ठरते. वस्ती आपली असेल, तर वाक्य आणखी लांबते. सिग्नल तोडणे चूकच आहे. लाल दिवा ओलांडणारा दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो, त्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण शिस्तीचा हिशेब एकाच बाजूने का मागायचा? दिव्यामागच्या टायमरला शिस्त कोण लावणार?

मी रोज कोंढव्याहून पुणे स्टेशनकडे स्कूटरने जाते. वाटेतल्या चौकाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्याही वस्तीच्या तोंडाशी असा एक चौक असेलच. तिथे आमच्या बाजूला १५० सेकंद लाल आणि १५ सेकंद हिरवा. हिरवा लागल्यावर रांग हलायलाच दोन-तीन सेकंद जातात, मग दर मोटारीला साधारण दोन सेकंद. म्हणजे एका हिरव्यात सहा-सात मोटारी सुटणार. मागे रिक्षा, टेम्पो, शाळेची व्हॅन तशीच उभी. दुपारी मुख्य रस्त्यावर गाड्या नसतात, तरी त्याचा हिरवा संपत नाही. रिकाम्या रस्त्याला हिरवा, भरलेल्या रस्त्याला लाल! सुटून ५०० मीटर पुढे जावे, तर पुढचा दिवाही नेमका लाल.

जाता-येता यात माझी २० मिनिटे नाहक जातात. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५०० मिनिटे, म्हणजे आठ तासांहून जास्त. महिन्याला कामाचा एक अख्खा दिवस. ऑफिसात बसणाऱ्याचा वेळ जातो, पण ऑर्डरवर पैसे मिळणाऱ्या डिलिव्हरीवाल्या पोराची कमाईच जाते. घाईत तो पुढे सरकला की कॅमेरा फोटो काढतो आणि मोबाइलवर ई-चलान येते. दंड करणारे यंत्र रात्रंदिवस जागे असते. सेकंद वाटणारे यंत्र मात्र कधी काळी लावलेल्या वेळेवरच चालत राहते.

‘गर्दीच एवढी आहे, सिग्नल काय करणार?’ असे सांगितले जाते. गर्दी आहे हे खरे. पण गर्दी असते म्हणून तर सिग्नल लागतो. कोणत्या बाजूने किती गाड्या येतात हे मोजून वेळ कशी वाटायची, याची पद्धत एफ. व्ही. वेबस्टर या ब्रिटिश संशोधकाने १९५८ मध्येच मांडली. दोन सिग्नलांचा मेळ घालणेही साध्या गणिताचे काम आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने गाडी एका मिनिटात ५०० मीटर जाते. पुढचा चौक तेवढ्याच अंतरावर असेल, तर त्याचा दिवा एका मिनिटाने हिरवा करायचा. यासाठी उड्डाणपूल लागत नाही. लागते ती नियमित मोजणी, आणि सकाळ, दुपार, रात्र यांसाठी वेगवेगळे वेळापत्रक.

मुख्य रस्त्याला जास्त वेळ मिळावा, हे मलाही मान्य आहे. पण किती जास्त, ते मोजून ठरू द्या. ज्याच्या रस्त्यावरून साहेबांची गाडी जाते त्याला हिरवा आणि गल्लीतून येणाऱ्याला उरलेसुरले, हा काही वाहतुकीचा नियम नव्हे.

पायी चालणाऱ्यांचे तर विचारूच नका. माणसाच्या चालण्याचा वेग हिशेबात साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. २४ मीटर रुंद रस्ता ओलांडायला त्या वेगानेही २० सेकंद लागतात. आमच्या चौकात मिळतात १२. काठी टेकत चालणाऱ्या नानीने काय करायचे? उर्दू शाळेतल्या लहान पोरांनी काय करायचे? धावायचे, नाहीतर दुभाजकावर अडकून पडायचे. २०२० मध्ये दादरला पादचारी सिग्नलच्या दिव्यांत स्त्रीची आकृती आली. चांगलेच झाले. पण त्या दिव्याकडे बघून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला सेकंद किती मिळतात, हा प्रश्न आकृती बदलून सुटत नाही.

आणि ‘टायमर बदलणे अवघड असते’ असे कोणी म्हणाले, तर त्याला मुंबईची आठवण द्या. २०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी ‘पनिशिंग सिग्नल’चा प्रयोग लोकांसमोर आणला. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू! म्हणजे शिक्षा द्यायची असेल तर सेकंद वाढवता येतात. मग सोय करायची असेल तेव्हाच यंत्र हट्टी कसे होते?

मित्रमैत्रिणींनो, आपल्याला चर्चेला बोलावतात ते ठरावीक विषयांवर. आपणही त्याच विषयांवर रस्त्यावर उतरतो. पण नागरिकत्व फक्त मोठ्या दिवशी दाखवायची वस्तू नाही. रोज सकाळी चौकात सरकार आपल्याला किती सेकंद देते, हाही नागरिकत्वाचाच प्रश्न आहे. आणि तो सिग्नलला थांबलेल्या प्रत्येकाचा आहे, शेजारच्या गणपती मंडळातल्या पोरांचाही.

तेव्हा दोघा-तिघांनी आपल्या चौकात अर्धा तास उभे राहा. प्रत्येक बाजूचा लाल-हिरवा मोजा, किती गाड्या सुटल्या आणि किती उरल्या ते वहीत लिहा. मग माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तीनच प्रश्न विचारा : या चौकातली वाहनांची मोजणी शेवटची कधी झाली? सध्याचे वेळापत्रक कोणत्या तारखेपासून लागू आहे? पादचाऱ्यांचा वेळ कोणत्या हिशेबाने ठरवला? उत्तर आले की ते आणि आपली वही शेजारी शेजारी ठेवून नगरसेवकासमोर मांडा.

आपण लाल दिव्याला थांबू. पण किती थांबायचे, याचा हिशेब मागूनच थांबू.