पादुआचा प्रवचनकार

हरवलेली किल्ली सापडावी म्हणून करुणा भाकण्याचा संत, एवढीच ज्याची ओळख पुष्कळ ख्रिस्ती घरांत उरली आहे, तो संत अंतोन ११९५ च्या सुमारास लिस्बन शहरी एका सुखवस्तू कुळात फर्नांदो या नावाने जन्मला. कोइंब्राच्या ऑगस्टीनपंथी मठात धर्मग्रंथांच्या अध्ययनात तो निमग्न असता, १२२० साली मोरोक्कोत हुतात्मा झालेल्या पाच फ्रान्सिस्कन भिक्षूंच्या अस्थी तेथे आल्या. आणि त्या दर्शनाने हा विद्वान असा काही हेलावला की मठाचे स्वास्थ्य सोडून त्याने अकिंचनांची भरड कफनी अंगावर घेतली. हौतात्म्याच्या ओढीने तोही मोरोक्कोस गेला, परंतु दुखण्याने त्याला परत फिरवले आणि वादळाने त्याचे गलबत सिसिलीच्या किनाऱ्यास लावले. पुढे फोर्ली येथे एका दीक्षासमारंभात बोलण्यास कोणीच सिद्ध नसल्यामुळे या अबोल भिक्षूला उभे करण्यात आले, तेव्हा कोठे त्याच्या वाणीचा लौकिक सुरू झाला. चमत्कारांच्या कथा भाविकांनी हव्या तितक्या सांगाव्यात. १३ जून १२३१ रोजी तो वारला आणि वर्षाच्या आत पोपने त्यास संतपद दिले, यात त्या कथांचाही वाटा होताच. मला मात्र पादुआच्या दप्तरातील मार्च १२३१ चा कायदा अधिक मोलाचा वाटतो: सावकारीविरुद्ध गर्जणाऱ्या या संन्याशाच्या रदबदलीने तेथे असे ठरले की, ज्या कर्जदाराने आपली मालमत्ता धनकोच्या हवाली केली, त्यास कर्जापायी कैदेत ठेवता येणार नाही.