समुद्राची खतावणी कोणाच्या हाती?

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरील कॉड माशाची कहाणी कोकणातल्या मच्छीमारांना दूरची वाटेल. पण ती त्यांनी ऐकून ठेवावी अशी आहे. १९६८ साली त्या समुद्रातून ८ लाख टनांहून अधिक कॉड उपसला गेला, आणि तो मुख्यतः परदेशी जहाजांनी. १९७७ मध्ये कॅनडाने दोनशे सागरी मैलांवर आपला हक्क प्रस्थापित केला. परकी लूट आटोक्यात आली, तिची जागा स्वदेशी कंपन्यांच्या ट्रॉलरनी घेतली. किती मासा पकडावा हे शास्त्रज्ञांच्या गणितावरून ठरे. किनाऱ्यालगत छोट्या होड्यांतून पोट भरणारे लोक १९८०च्या दशकात सांगत होते की, मासा कमी झाला आहे आणि लहानही. परंतु गणितात ट्रॉलरच्या पकडीला फार वजन होते. आणि उरलासुरला मासा जेथे गोळा होतो तेथेच ट्रॉलर जात असल्यामुळे त्यांची पकड भरघोसच दिसत राहिली. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. व्यापारी मासेमारी मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली ती २०२४ मध्ये, अवघ्या १८ हजार टनांवर.

यावरून गणितच निरुपयोगी असा निष्कर्ष काढणे आत्मघातकी ठरेल. एकेका माशाचा सुटा हिशेब अपुरा असतो, हे जाणूनच समुद्राची समग्र प्रतिमाने पुढे आली. १९८४ मध्ये जेफ्री पोलोविना यांनी हवाई बेटांच्या परिसरातील एका प्रवाळक्षेत्रासाठी असा ताळेबंद मांडला. सूक्ष्म वनस्पती किती, त्यांवर जगणारे जीव किती, कोण कोणाला खातो, आणि माणसाने नेल्यावर मागे काय उरते, हे सारे त्यात एका कोष्टकात बसते. लिओन्टिएफ यांचा आदान-उत्पाद तक्ता ज्यांनी अभ्यासला असेल त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. पोलादाचे उत्पादन वाढवायचे तर कोळसा किती लागेल, असा तेथील प्रश्न. तारली बेसुमार ओढली तर सुरमईने काय खावे, असा येथील. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कर्नाटकाच्या किनाऱ्यासाठी २००५ मध्ये असे प्रतिमान प्रसिद्ध केले. म्हणजे विद्या देशात आहे.

ती वापरली कोणासाठी जाते, हा खरा प्रश्न. मासा कोठे सापडेल हे उपग्रहाच्या साहाय्याने सांगणारी सरकारी सूचना मच्छीमारांना नियमितपणे मिळते. ती उपयुक्त आहेच. पण वेगवान यांत्रिक नौका तिचा लाभ आधी घेते आणि रापणकार किनाऱ्यावर वाट पाहतो. किती मासा मागे ठेवावा, हे सांगणारे गणित मात्र अहवालांत पडून राहते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा. पर्ससीनवर निर्बंध आले २०१६ मध्ये, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राची बंदी आली २०१७ मध्ये. तरी रात्री समुद्र उजळलेला दिसल्याच्या तक्रारी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत थांबलेल्या नाहीत. २०१९ साली राज्याची मासळी सुमारे २ लाख टनांवर घसरली. हवामानाचा त्यात वाटा असेल. पण सारा दोष वादळावर ढकलणे सोयीचेही असते.

प्रतिमानाला जे सांगितले जात नाही ते त्याला कळत नाही. भर समुद्रात फेकून दिलेली पिल्ले बंदरावरील नोंदीत येत नाहीत. बोंबील कोणत्या महिन्यात डोलीत कमी झाला हे वसईच्या नाखव्याला ठाऊक असते, कोष्टकाला नसते. ही माहिती मिळवायची तर सहकारी सोसायट्यांकडून नोंदी घ्याव्या लागतील, आणि त्यांवरून निघालेले निष्कर्ष मराठीत त्यांच्याचसमोर ठेवावे लागतील. अन्यथा उद्या हेच गणित पुढे करून कपात सुचविली जाईल, आणि ती ज्याच्यापाशी एकच होडी आहे त्याच्यावर पडेल. कपात करायचीच तर ती अश्वशक्ती आणि जाळ्याच्या आकारमानाच्या प्रमाणात व्हावी, आणि बंदीच्या काळात खलाशी व मासळी विकणाऱ्या स्त्रिया या दोघांनाही निर्वाहभत्ता मिळावा.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते. होड्या किनाऱ्याला आणि माणसे गावात असतात. किनारपट्टीच्या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी सोसायट्यांच्या सभा या दोन महिन्यांत बोलवाव्यात आणि मागण्यांचे निवेदन ऑगस्टपूर्वी मत्स्यव्यवसाय खात्याच्या हाती द्यावे.