रणगाड्याचे किट हे खेळणे नव्हे

कोल्हापूरच्या एका वाचकाने पाठवलेला कागद समोर ठेवून हे लिहीत आहोत. त्यांनी परदेशातून सेंच्युरियन रणगाड्याचे १/३५ मापाचे मॉडेल किट मागवले. पार्सल सीमाशुल्क तपासणीत अडकले आणि त्यांना कळवण्यात आले की, खेळण्यांना मानक चिन्ह बंधनकारक आहे, तरी उत्पादकाचा परवाना सादर करावा. हा परवाना परदेशी कारखान्याने स्वतः अर्ज करून, कारखान्याची तपासणी करवून घ्यायचा असतो. एक डबा विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाने तो आणायचा कुठून? पत्रापत्री झाली, फोन झाले आणि शेवटी डबा आला तसा परत गेला. जाण्यायेण्याचे टपाल या गृहस्थांच्या खिशातून गेले.

अशा तक्रारी आता दर महिन्याला येतात. म्हणून मूळ आदेश एकदा नीट वाचू. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. तो कशाला लागू आहे हे त्यातच लिहिले आहे: १४ वर्षांखालील मुलांनी खेळण्यासाठी बनवलेल्या किंवा स्पष्टपणे त्या हेतूच्या वस्तूंना. आपल्या बहुतेक किटच्या डब्यावर १४ वर्षे व त्यापुढील असे छापलेले असते. आत स्प्रू, म्हणजे ज्यातून धारदार कटरने भाग सोडवायचे अशा प्लास्टिकच्या चौकटी, असतात, फोटो-एचचे, म्हणजे रसायनाने कोरलेले, पत्रे असतात, आणि जोडायला सॉल्व्हंटचे सिमेंट लागते. खेळण्यांच्या मानकात लहान मुलाच्या घशात जाईल एवढा भाग सुटा आहे का, याची चाचणी असते. सेंच्युरियनचे हॅचचे हँडल त्या चाचणीत घालून काय सिद्ध होणार?

त्याहून ठळक गोष्ट सीमाशुल्काच्या दरपत्रकात आहे. शीर्षक ९५०३ मध्ये चाकाची खेळणी, बाहुल्या, इतर खेळणी असे शब्द येतात, मग अर्धविराम, मग ‘लहान मापाची मॉडेल्स’, पुन्हा अर्धविराम, मग कोडी. शीर्षक लिहिणाऱ्याने खेळणे आणि मॉडेल वेगळे मोजले. दोन्ही एका शीर्षकाखाली आहेत म्हणून शुल्क एकच लागते, हे मान्य. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात ते २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. आपल्या दुकानदारांचे कंबरडे त्यानेच मोडले. तरीही शुल्क भरायला कोणी नकार दिलेला नाही. पण शुल्काचे शीर्षक एक असले म्हणून मानक चिन्हाची सक्तीही आपोआप लागू होत नाही. हा फरक तपासणीच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला कळत नसेल, तर त्याने आदेशाची प्रत उघडून वाचावी. आदेश काही शेकडो पानांचा नाही.

जुना इतिहास काढून कोणी म्हणेल की ही किट जन्माने खेळणीच आहेत. त्यात तथ्य आहे. तामिया कंपनीने १९६१ मध्ये पँथर रणगाड्याचे किट काढले तेव्हा आत मोटर आणि बॅटरीचे सेल मावावेत एवढे त्याचे माप ठरवले. नंतर हिशेब केला तेव्हा ते सुमारे १/३५ निघाले. आज जगभरचे कारखाने ज्या मापात साचे काढतात ते असे सेलच्या जाडीवरून आले. पण त्या पँथरला साठ वर्षे उलटून गेली. आजचा मॉडेलकार मोटर बसवत नाही, रिव्हेट मोजतो.

आता आपल्यातल्या काहींशी थोडे कडक बोलायचे आहे. विक्रेत्याला ‘भेटवस्तू’ लिही, किंमत निम्मी दाखव असे सांगणारे अजून आहेत. भेट म्हणून येणाऱ्या टपालाची जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली. राखी आणि जीवरक्षक औषधे तेवढी वगळली. तुमच्या खोट्या घोषणेमुळे पुढच्या दहा प्रामाणिक पार्सलांवर संशय येतो. ज्या कोल्हापूरकरांनी खरी किंमत लिहिली, त्यांचा डबा परत गेला. खोट्या घोषणेची ही चाल ताबडतोब बंद करा.

आणि डबा एवढा महाग पडत असेल, तर निवड तरी डोळसपणे करा. ‘फामागुस्ता’ या रणगाड्यासाठी कोणते किट घ्यावे, ही विचारणा आमच्याकडे वारंवार येते. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा जन्म पुण्याचा, त्यांची पलटण पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत ते याच फामागुस्ता नावाच्या सेंच्युरियनमध्ये धारातीर्थी पडले. त्याच पलटणीच्या लेफ्टनंट कर्नल तारापोर यांनी १९६५ मध्ये फिल्लोरा-चविंडाच्या रणात सेंच्युरियनच लढवला. दोघांनाही परमवीरचक्र मिळाले. तेव्हा मराठी मॉडेलकाराच्या शेल्फवर हा रणगाडा हवाच, यात आमचे दुमत नाही. पण कालच एकाने मोठ्या अभिमानाने इस्रायली ‘शॉट कल’ सेंच्युरियन घेतल्याचे कळवले. त्यात मूळचे मीटिऑर इंजिन काढून डिझेल बसवलेले, त्यासाठी मागचा डेक उंचावलेला. तुम्ही कितीही सुंदर रंगवा, त्याचा फामागुस्ता होणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या मार्क ५/१ च्या किटमध्ये मागे जास्तीची इंधनटाकी बसवलेली असते. तामियाचा जुना मार्क ३ स्वस्तात मिळतो, जुळतोही सुबक, पण तोही फामागुस्तासारखा मार्क ७ नव्हे. सातव्या मार्कात इंजिन डेक बदलला आणि आत तिसरी टाकी आली.

तोफेच्या नळीबद्दल तर पुस्तकांचाच गोंधळ आहे. भारतीय सेंच्युरियनला कुठे २० पाउंडर लिहितात, कुठे १०५ मिलिमीटर. २० पाउंडरचे तोंड सुमारे ८४ मिलिमीटर. १/३५ मध्ये ते २.४ आणि १०५ चे ३ मिलिमीटर. सहा दशांशाचा हा फरक प्रदर्शनातल्या परीक्षकाला दोन हातांवरून दिसतो. पुस्तक बाजूला ठेवा, त्या वर्षाचा, त्या पलटणीचा फोटो शोधा आणि नळी त्यावरून ठरवा. अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. पॅटन, सेंच्युरियन, विजयंता हे सगळे तिथे उभे आहेत. पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येते. परदेशी किटवर हजारो रुपये घालणाऱ्यांपैकी किती जण तिथे गेले आहेत? पॅटनचे किट घेताना एम-४७ आणि एम-४८ मधला गोंधळ तिथल्या अर्ध्या तासात सुटतो: एम-४७ च्या पुढच्या चिलखतात मशीनगन आहे, एम-४८ चे नाक नावेसारखे गोल आहे आणि ती मशीनगन नाही.

पार्सल अडले तर तोंडी वाद घालू नका. आदेशातली १४ वर्षांची अट आणि शीर्षक ९५०३ चे शब्द उद्धृत करून लेखी हरकत द्या, डब्याचा वय छापलेल्या बाजूचा फोटो जोडा आणि नकार लेखीच मागा. लेखी नकाराशिवाय पुढे अपील करता येत नाही, आणि पुष्कळदा लेखी द्यायची वेळ आली की फाइल पुन्हा उघडली जाते. मिळालेल्या प्रत्येक उत्तराची प्रत आमच्याकडे पाठवा. नावे छापणार नाही. दुकानदार बांधवांनीही आपली अडलेली बिले पाठवावीत. एकेकट्याने अर्ज करून गेल्या काही वर्षांत काय हाती आले ते तुम्हीच पाहिले आहे. सगळी कागदपत्रे एकत्र लावून मॉडेल किट या आदेशाबाहेर असल्याचा लेखी खुलासा आम्ही संबंधित खात्याकडे मागणार आहोत. पुढचा अंक छपाईला जाण्यापूर्वी तुमचे कागद आमच्या हाती यायला हवेत.