शब्दच फसवा असेल तर दोष विद्यार्थ्याचा कसा?

आज आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली कोडिंग शिकत आहेत. घरातली शिकणारी पहिलीच पिढी, शाळा मराठी माध्यमाची. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणे, हे त्यांना सहज कळते. अडते ते लूपमधल्या शब्दांपाशी. मग ‘यांचे लॉजिकच कच्चे’ असा शिक्का बसतो. हा शिक्का तपासलाच पाहिजे.

‘कंटिन्यू’ घ्या. शब्दकोशात अर्थ ‘चालू ठेवा’. सी, जावा, पायथनमध्ये मात्र त्याचे काम चालू फेरी अर्धवट सोडून पुढच्या फेरीला जाणे! जुन्या फोरट्रानमध्ये हाच शब्द स्वतः काहीच करत नसे; बहुधा लूपचा शेवट दाखवण्यापुरता लिहीत. दुसरे शब्द नव्हते का? होते. पर्लने ‘नेक्स्ट’ आणि ‘लास्ट’ निवडले, फोरट्रान 90 ने ‘सायकल’ आणि ‘एक्झिट’.

पायथनमध्ये लूपला ‘एल्स’ जोडता येतो. ‘एल्स’ म्हणजे ‘नाहीतर’. पण तो भाग चालतो लूप ब्रेक न होता संपले तर. पायथनचे कोअर डेव्हलपर रेमंड हेटिंगर यांनीच इथे ‘नोब्रेक’ शब्द हवा होता असे म्हटले आहे.

यावर ठरलेले उत्तर मिळते, ‘सवयीने येते.’ पण सवय जाणकारांनाही वाचवत नाही. 15 जानेवारी 1990 रोजी अमेरिकेत एटी अँड टीचे लांब पल्ल्याचे टेलिफोन जाळे सुमारे 9 तास कोलमडले. मुळाशी सी भाषेतला चुकीच्या जागचा एक ‘ब्रेक’ होता. ‘ब्रेक’ इफमधून बाहेर काढत नाही, सर्वांत जवळच्या लूपमधून किंवा स्विचमधून काढतो. कशातून बाहेर पडायचे, हे तो शब्द सांगतच नाही. जावामध्ये लूपला नाव देऊन ‘ब्रेक’पुढे ते लिहिता येते, वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही.

जुन्या भाषांचे कीवर्ड आता बदलणार नाहीत, कारण त्यांवर लाखो प्रोग्रॅम उभे आहेत. पण शिकवणे बदलता येते. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारा: काय सोडले? कुठून बाहेर पडलो? पुढे कुठे गेलो? आणि मित्रांनो, उद्या तुम्ही स्वतः भाषा किंवा लायब्ररी घडवाल, तेव्हा नाव पक्के करण्याआधी ते पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलीला वाचायला द्या. तिला अर्थ उलटा लागला, तर नाव बदला.