आपल्या गाण्यातली गिटार कोणाची?



जांब समर्थ (ता. घनसावंगी, जि. जालना) हे गाव महाराष्ट्राला रामदासांचं जन्मगाव म्हणून माहीत आहे. रामदासी परंपरेची हस्तलिखितं शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव हिंडून गोळा केली आणि धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपली. त्या विचारांशी आपलं भांडण आहेच, पण जपणूक कशी करतात ते त्यांच्याकडून शिकायला हरकत नाही. त्याच गावातल्या आमच्या वस्तीत १९७८ ते १९९४ या नामांतराच्या काळात रात्र-रात्र गायली गेलेली गाणी आज दोन-चार म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली आहेत. रेकॉर्डिंग एकाचंही नाही.

म्हणून मागे आम्ही ठरवलं की भीमजयंतीला डीजेचा खर्च कमी करायचा आणि वर्गणीतून एक गाणं नीट स्टुडिओत रेकॉर्ड करायचं. वस्तीतला एक पोरगा मोबाईलवर बघून बघून इलेक्ट्रिक गिटार शिकला होता. गाण्यात त्याची गिटार हवी, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं.

शहरातल्या एका स्टुडिओत गेलो. तिथं कीबोर्डवर ट्रॅक आधीच तयार होता, गिटारचा आवाजसुद्धा कीबोर्डचाच. आमच्या पोराला शेवटचा अर्धा तास मिळाला. गायकाची पट्टी काळी चार, पोराचा सराव वेगळ्या पट्टीत. तारा जुन्या, सूर सरकत होता. कानात क्लिक वाजायला लागल्यावर तो बिचकला. गाणं बाहेर आलं तेव्हा त्यात कीबोर्डचीच गिटार होती आणि पोराचं नाव कुठेच नव्हतं. ट्रॅक मागितले तर उत्तर मिळालं, "ते आमच्याकडेच राहतात."

मला राग आला. पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानं रागाच्या पुढचा प्रश्न विचारायला हवा. स्टुडिओचं तंत्र आणि कागद दोन्ही दुसऱ्याच्या हातात असताना आपण फक्त आवाज आणि पैसे घेऊन गेलो, तर दुसरं काय होणार? वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) आयुष्यभर गाणी लिहिली, गावोगाव गायली. प्रल्हाद शिंदेंचा आवाज कॅसेटमधून घराघरात गेला. त्या कॅसेटवर ढोलकी कोणी वाजवली, हे तुमच्यापैकी किती जण सांगू शकतील?

पुढच्या वेळी आम्ही तयारीनं गेलो. काय केलं ते सांगतो, कारण उद्या तुम्हालाही जायचं आहे.

तारा दोन दिवस आधी बदलल्या, म्हणजे त्या ताणून स्थिर होतात. प्रत्येक टेकआधी ट्यूनरवर सूर तपासला. काळी चारसाठी चौथ्या पडद्यावर कॅपो लावून ई कॉर्डच्या आकारात महिनाभर सराव केला. क्लिकवर आधी ढोलकी रेकॉर्ड केली आणि तिच्यावर गिटार. ढोलकीचा झोल कानात असला की पोरगा मशीनसारखा वाजवत नाही. गिटारची एक लाईन डीआय बॉक्समधून थेट साधी घेतली आणि दुसरी अ‍ॅम्पसमोर माईक लावून. साधी लाईन हाताशी असली की पुढे टोन बदलता येतो, पोराला पुन्हा बोलवावं लागत नाही. माईक स्पीकरच्या मधोमध धरला तर आवाज टोचतो, कडेला सरकवला की मऊ होतो. ध्रुवपदाचा भाग दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवला. एकाच टेकची कॉपी करून ती रुंदी येत नाही. निघताना प्रत्येक वाद्याची वेगळी वेव्ह फाईल पेन ड्राईव्हवर घेतली. हे सगळं बोलणं आम्ही पैसे देण्याआधीच केलं होतं.

आता कागदाचं. प्रताधिकार कायदा १९५७ नुसार ध्वनिमुद्रणासाठी जो पुढाकार आणि जबाबदारी घेतो तो निर्माता. म्हणजे खर्च आणि पुढाकार मंडळाचा असेल, तर निर्माता म्हणून मंडळाचं नाव लागलं पाहिजे, आणि ते आधीच लिहून घ्या. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर सहीचा लेखी करार लागतो. वादकाचा सादरकर्ता म्हणून हक्क पन्नास वर्षांचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ३८ बी त्याला आपलं नाव लागण्याचा हक्क देतं. ज्या माणसानं आपल्याला घटना दिली त्याच्या जयंतीच्या गाण्यात आपण कायदा वापरत नाही, याला काय म्हणावं?

काही कार्यकर्ते म्हणतात, गिटार आपली नाही, आपली दिमडी आणि ढोलकी. पण पेटीसुद्धा युरोपातूनच आली, तरी आपल्या शाहिरांनी ती आपली केली. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'नं २०१८ पासून पराई आणि इलेक्ट्रिक गिटार एकाच मंचावर वाजवली. तिथं कोणाला पराई कमी झाल्यासारखी वाटली नाही. मुंबईत 'धम्म विंग्स'नं रॉकमधून बुद्ध-आंबेडकर मांडले. वाद्याला जात नसते. ते कोणाच्या हाती द्यायचं, हे ठरवणाऱ्यांना मात्र असते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. डीजे एका रात्रीत वाजून जातो, सकाळी हातात काही राहत नाही. एका दिवसाच्या स्टुडिओतून गाणं राहतं, ट्रॅक राहतात आणि काम शिकलेला एक पोरगा राहतो. यंदाच्या जयंतीच्या बैठकीत वर्गणीचा हिशेब मांडताना रेकॉर्डिंगची एक ओळ मागा. आधी म्हाताऱ्यांची गाणी घ्या, ती माणसं थांबणार नाहीत. आणि गाणं टाकताना गायकाखाली ढोलकीवाल्याचं, गिटारवाल्याचं, रेकॉर्डिंग करणाऱ्याचं नाव लिहा.

आमच्या दुसऱ्या गाण्याखाली त्या पोराचं नाव आहे. त्याच्या आईला वाचता येत नाही. तिनं ते नातीकडून तीनदा वाचून घेतलं.

जयभीम.