फॉरमॅट मारण्याआधी रॅम तपासा

संगणक मधूनच बंद पडतो, निळा पडदा दिसतो आणि दर वेळी एरर वेगळाच. दुरुस्तीच्या दुकानात यावर ठरलेला इलाज असतो: ‘व्हायरस असेल, फॉरमॅट मारून देतो.’ चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. ताप कशाचा हे न पाहताच प्रतिजैविक देण्यातला हा प्रकार. ग्राहकाचे पैसे जातात, कधी जुने फोटो आणि हिशेबही.

दोष रॅमच्या पट्टीत असेल, तर फॉरमॅटने काय साधणार? विंडोज नव्याने टाकतानाही प्रत्येक फाइल त्याच सदोष मेमरीतून जाते. निळा पडदा निदान ओरडून तरी सांगतो. एखादा बिट गुपचूप उलटतो आणि बिघडलेली फाइल डिस्कवर, तिथून बॅकअपमध्येही उतरते, हे जास्त वाईट. बेल्जियममध्ये स्कारबेक इथे २००३च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या नावावर ४,०९६ मते जादा नोंदली गेली. ४,०९६ म्हणजे २चा बारावा घात. मेमरीतला एकच बिट उलटला असावा, असे अनुमान निघाले.

तपासणी फुकट आहे. विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ असते. पेन ड्राइव्हवरून चालणारे ‘मेमटेस्ट८६’ अधिक कसून तपासते. ते रात्रभर चालू द्यावे. एक जरी चूक दिसली तरी मेमरी नापास. पण लगेच नवी पट्टी घेण्याची घाई नको. बायोसमध्ये एक्सएमपी चालू असेल तर ते बंद करून पुन्हा तपासावे; वाढवलेला वेग अनेकदा झेपत नाही. मग वायर काढून पट्ट्या नीट बसवाव्यात आणि एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून पाहावी. सगळ्याच पट्ट्या नापास झाल्या, तर संशय स्लॉटवर किंवा प्रोसेसरवर.

सर्व्हरमध्ये असते ती ईसीसी मेमरी एका बिटाची चूक स्वतः दुरुस्त करते. गुगलच्या सर्व्हरवरील २००९च्या अभ्यासात वर्षभरात सुमारे ८ टक्के पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या. त्या ईसीसीमुळे दिसल्या तरी. घरच्या संगणकात मोजणारे कोणीच नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२१मध्ये याचा दोष थेट इंटेलला दिला होता. त्यांचा सूर कडक होता, पण मुद्दा रास्त. पट्टीवरच्या रंगीत दिव्यांसाठी ग्राहक जादा पैसे मोजतो; ईसीसी मागितली, तर दुकानदार आधी ती म्हणजे काय हेच विचारतो.